सोनेगावची मध्यरात्र

रामदासपेठेतून शिकागो सरळ रेषेत सुमारे १२,९०० किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला, तर तो पश्चिमेला वळतच नाही. उत्तरेकडे चढत ध्रुवाच्या जवळून पलीकडे उतरतो. माझी लेक तिथे आहे, म्हणून हा दोरा मी पुष्कळदा ताणला आहे. आपण जातो मात्र दोह्यावरून. चौदा हजारांच्या वर किलोमीटर, हवेत अठरा-एकोणीस तास, आणि मधे थांबा. बरोबरीच्या बायकांना तो थांबा नकोसा होतो. मला तो आवडतो, कारण मी नागपूरची आहे.

१९४९ पासून १९७३ पर्यंत देशाचं टपाल मध्यरात्री आमच्या सोनेगाव विमानतळावर बदललं जाई. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही शहरांतून रात्री विमानं सुटत आणि नागपूरला एकत्र येत. पिशव्यांची आणि उतारूंची अदलाबदल झाली की ज्याची त्याची वाट धरत. सकाळी मद्रासचं पत्र दिल्लीत. एप्रिल १९४९ पासून तर साध्या पत्रालाही विमानाचा जादा आकार पडेनासा झाला होता.

उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो. संध्याकाळी बादल्या ओतून गच्ची निववायची, तरी दहापर्यंत फरशीतून धग येतच राहायची. झोप अशी लागायचीच नाही. मग दक्षिणेकडे घरघर ऐकू यायची आणि बाबा दिशेवरून अंदाज बांधायचे, "हे मुंबईचं असावं. कलकत्त्याचं यायचंय अजून." मुंबई इथून हवेतून ६८० किलोमीटर, कलकत्ता ९८० च्या आसपास. डाकोटाला मुंबईहून अडीच-पावणेतीन तास पुरायचे, कलकत्त्याहून चारएक लागायचे. काका कलकत्त्याला होते, त्यामुळे त्या विमानात त्यांचं पत्र आहे असं मी धरूनच चालायचे. लवकर पोचलेल्यानं दुसऱ्यासाठी थांबायचं, एकट्यानं परत फिरायचं नाही, हा त्या व्यवस्थेचा गाभा होता. तो मला फार आवडायचा, अजून आवडतो.

१९७३ साली हे सगळं थांबलं. जेट विमानांना मधे उतरायची गरज उरली नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत मेम्फिसला फेडरल एक्स्प्रेसनं काम सुरू केलं: रात्री गावोगावची विमानं एका जागी आणायची, पार्सलं बदलायची, पहाटे परत पाठवायची. हे वाचलं तेव्हा मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते खूश झाले.

पुढे नागपूरहून थेट दोह्याला विमान जाऊ लागलं, आणि पहिल्याच प्रवासात मी तिथल्या विमानतळावरच्या फलकासमोर खिळून उभी राहिले. काठमांडू, कोची, नैरोबी, ढाका; अर्ध्या जगातली माणसं येऊन नवी विमानं धरत होती. पत्रांच्या जागी माणसं, एवढाच फरक. कुणाचं आधीचं विमान उशिरा आलं तर पुढचं थांबेलच, असं मात्र इथे नाही, आणि धावत सुटलेली म्हातारी जोडपी पाहिली की मला सोनेगाव अधिक शहाणं वाटतं.

लेक तिकीट काढताना दीड तासाचा थांबा शोधते. मी तिला सांगते, निदान चार तासांचा बघ. शिकागोला जाताना वारा समोरून असतो, विमान तसंही परतीपेक्षा जास्त वेळ घेतं. त्यात हे अडीच तास काही जड नाहीत. मला ती विमानं एकत्र येताना बघायची असतात.