पाट

पुण्यातल्या कंपनीत मी 11 वर्षं काढली. तिथे कामाची तारीख पुढे ढकलता यायची. कुडाळकडच्या आमच्या गणपतीच्या शाळेत तसं चालत नाही. चतुर्थी कुणासाठी थांबत नाही. बाबांचा हात कापू लागला, मूर्तीचे डोळे आखणारं घरात कुणी उरलं नाही, तेव्हा राजीनामा दिला. लहानपणी शिकलो होतो. पण बोटं आता कीबोर्डाची झाली होती.

नागपंचमीच्या सुमारास लोक आपापले पाट आणून देतात. पाटामागे खडूने नाव लिहायचं. त्या घरची मूर्ती त्याच पाटावर घडते. श्रावणातल्या दमट हवेत माती लवकर वाळत नाही, घाईने शेकली तर तडकते. मी उतावीळ झालो की बाबा म्हणायचे, "बाबू, मातयेक घाई चलणा नाय."

वर्षाची मिळकत पूर्वीच्या दोन पगारांएवढीही नाही. पुण्यातला फ्लॅट विकला. बायको शिकवण्या घेते, म्हणून घर चालतं. यंदा मात्र 42 मूर्तींचे डोळे मीच आखले. शेजारची आजी मूर्ती न्यायला आली, नारळ-विडा ठेवून बघत राहिली. म्हणाली, "ही बापाशीचीच नजर रे!"

बाबा तिथेच बसले होते. काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी डोळे आखायचा आपला ब्रश धुऊन माझ्या डब्यात ठेवला.