वॉर्डनची वही

नागरी संरक्षणाच्या प्रशिक्षण वर्गात पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना एक काम देतो. आपल्या गल्लीतल्या घरांची वही करून आणा. अंथरुणाला खिळलेलं माणूस कोणाकडे आहे, जिन्याखाली सिलिंडर कोण ठेवतं, विहीर कुठे, लांब शिडी कोणाकडे, परिचारिका कोणत्या घरात राहते. पोरं हिरमुसतात. त्यांना दोराच्या गाठी, स्ट्रेचर, आग विझवणं शिकायचं असतं. ते पुढे येतंच. पण ३० वर्षं हेच काम केल्यावर माझं मत ठाम झालंय, की सगळी संघटना त्या वहीवर उभी असते.

कागदावर ही संघटना दिल्लीपासून सुरू होते. १९६२च्या चीन युद्धाआधी मोठ्या शहरांपुरते मदतीचे आराखडे होते, इतकंच. त्या वर्षी केंद्रीय गृहमंत्रालयात नागरी संरक्षणाचं महासंचालनालय उभं राहिलं. अधिकार मात्र आणीबाणीतल्या भारत संरक्षण कायद्यातून मिळत होते. १९६८च्या जानेवारीत आणीबाणी उठली आणि मे महिन्यात नागरी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. संकट नसतानाही तयारीला कायद्याचा आधार हवा, हे त्यातून मान्य झालं. माझ्या दृष्टीने हा फार मोठा निर्णय होता.

या कायद्यातलं चौथं कलम मी वर्गात दोनदा वाचून दाखवतो. केंद्राने नियम करायचे, धोरण आखायचं, प्रशिक्षणाची सोय करायची. दल उभारायचं ते राज्य सरकारने, एखाद्या ठरावीक क्षेत्रासाठी. दलाचा प्रमुख म्हणजे नियंत्रक, आणि तो जिल्हादंडाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा नसावा. ही अट मानापानासाठी घातलेली नाही. भोंगा वाजल्यानंतर पोलीस, सरकारी रुग्णालय, धान्याची गोदामं, वाहनं या सगळ्यांना एका शब्दावर हलवू शकेल असा जिल्ह्यात एकच माणूस असतो. राज्याच्या पातळीवर नागरी संरक्षण संचालक, जिल्ह्यात नियंत्रक, त्याच्या हाताखाली उपनियंत्रक. पगारी माणसं जवळजवळ इथेच संपतात. पुढचं सगळं मानसेवी, आपल्या भागातल्या घरांची जबाबदारी घेणारा वॉर्डनसुद्धा.

कामाच्या १२ सेवा आहेत. मुख्यालय, संदेशवहन, अग्निशमन, विमोचन, प्रथमोपचार, कल्याण, पुरवठा वगैरे. एक सेवा मृतदेहांच्या विल्हेवाटीची. तिचं नाव काढलं की वर्ग गप्प होतो. पण ढिगाऱ्यातून निघालेल्या माणसाची ओळख पटवून त्याला त्याच्या घरच्यांच्या स्वाधीन करणं हेही संरक्षणच आहे, आणि ते कोणीतरी शिकून घ्यावं लागतं.

दल कुठे असावं हे केवळ लोकसंख्येवर ठरत नाही. शत्रूची नजर कशावर जाईल, हे पाहिलं जातं. म्हणून मुंबईसारख्या महानगराच्या जोडीला उरण आणि तारापूर ही नावं यादीत दिसतात. एकीकडे बंदर आणि तेल-वायूचे प्रकल्प, दुसरीकडे अणुवीज केंद्र. २००९च्या दुरुस्तीने व्याख्या रुंदावली आणि पूर, भूकंप यांसारख्या आपत्तींतलं कामही नागरी संरक्षणात आलं. ही दुरुस्ती खूप आधी व्हायला हवी होती. आपल्याकडे विमानहल्ल्याचा भोंगा क्वचित वाजतो, नदी मात्र दर दोन-चार वर्षांनी घरात शिरते.

प्रशिक्षकांची पंढरी म्हणजे नागपूर. १९५७च्या एप्रिलमध्ये तिथे केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. म्हणजे देशाच्या कायद्याआधी ११ वर्षं आपल्या महाराष्ट्रात शिकवणं सुरू झालेलं होतं. (१९५७ साली नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात होतं, हेही सांगितलं पाहिजे.)

एका शहरातल्या सरावाची आठवण मला आजही बोचते. वॉर्डनांची यादी हातात आली; टंकलिखित, शिक्का मारलेली, नीटनेटकी. आम्ही एकेका पत्त्यावर गेलो. कोणी वारलेले, कोणी मुलाकडे पुण्याला गेलेले. एका दारात म्हातारी आजी म्हणाली, ‘हे जाऊन सात वर्षं झाली, तुम्ही आत्ता बोलवायला आलात?’ त्या शहरात नियंत्रक होता, उपनियंत्रक होता, १२ सेवांचा तक्ता भिंतीवर होता. वही नव्हती.

७ मे २०२५ रोजी देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव होणार असं जाहीर झालं, तेव्हा कितीतरी तरुणांनी मला विचारलं, ‘सर, यात आम्हाला घेतात का?’ घेतात. वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत आणि शिक्षण किमान चौथी पास. तुमच्या जिल्ह्यात दल आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. असेल तर नाव नोंदवा. नसेल तरी या दिवाळीत फराळाची ताटं घेऊन शेजारी जाल, तेव्हा कोणत्या घरात कोण एकटं राहतं, एवढं लिहून ठेवा.