जेरुसलेम नावाचा दिवाणखाना

लंडनला गेलात, तर वेस्टमिन्स्टर ॲबी हे भव्य चर्च तुम्ही पाहालच. राजाराण्यांची थडगी, उंचच उंच कमानी. बघता बघता मान अवघडते! पण मैत्रिणींनो, आत शिरण्यापूर्वी पश्चिमेच्या मोठ्या दारासमोर जरा थांबा. उजव्या हाताच्या जुन्या दगडी भिंतीआड या चर्चचा दिवाणखाना आहे. नाव जेरुसलेम चेंबर. एरवी तो पर्यटकांना खुला नसतो, पण त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

चौदाव्या शतकात निकोलस लिटलिंग्टन या मठाधिपतींनी ही खोली आपल्या निवासात बांधून घेतली. पुढे भिंतींवर विणलेले चित्रपडदे आले, शेकोटीवर सीडरच्या लाकडाचं कोरीवकाम आलं. पण खोलीचं खरं वैभव म्हणजे ती शेकोटीच. लंडनची थंडी आणि दगडी इमारत, मग माणसं ऊब शोधणारच ना!

१४१३ साली चौथा हेन्री राजा ॲबीत प्रार्थना करताना आजारी पडला, तेव्हा त्याला इथेच आणलं. तुला जेरुसलेममध्ये मरण येईल, असं भाकीत होतं म्हणे. खोलीचं नाव ऐकून राजा काय ते समजला! १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलचं काही काम याच खोलीत झालं. १६४३ साली धर्मपंडितांची सभा ॲबीतल्या दुसऱ्या दालनात भरत होती. थंडी वाढली तशी सगळी मंडळी उठून इथे आली. १८७० पासून बायबलच्या सुधारित भाषांतराच्या बैठकाही इथेच भरल्या.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. भाषांतर करणारे, वाद घालणारे, सगळे पुरुषच. त्या शेकोटीपुढच्या बैठकीत बाईला जागा नव्हती. आणि इकडे आपल्या केडगावात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल एकटीनं मराठीत आणलं. त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, ते छापून पूर्ण झालं. तिथल्या छापखान्यात काम करणाऱ्याही बायकाच!

आपल्या दिवाणखान्याचं तरी काय वेगळं असतं? कोचाचे अभ्रे, पडदे, फुलदाणी, सगळं आपण निगुतीनं मांडतो. पाहुणे आले, गप्पा रंगात आल्या, की आपण चहाचा ट्रे ठेवून आत वळतो. पुढच्या वेळी ट्रे ठेवा आणि तिथेच बसा. ऊब आपण केलेली असते, तर बैठकही आपली नको का?