वहीतली पहिली ओळ

अपघातानंतर वकिलाकडे जावे की न जावे, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, पानाच्या दुकानापाशी आणि क्वचित स्मशानातही विचारला गेला आहे. आणि दरवेळी मी तेच ठराविक उत्तर देत आलो आहे, की नुसता पत्रा चेपला असेल तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला गाठा, परंतु हाड मोडले असेल, माणूस गेला असेल, दोष कोणाचा याविषयी तंटा असेल, समोरचा मालक रोख रक्कम पुढे करून कागदावर अंगठा मागत असेल, किंवा फिर्यादीत आरोपी म्हणून आपलेच नाव लागले असेल, तर अदालत रोडवर, आम्हा वकिलांकडे, या. या उत्तरात कारणे सारी आली. कधी यावे, ती घटका मात्र आली नाही. गेल्या काही काळापासून साक्षीदाराचे पुटपुटणे मला डाव्या कानाने ऐकू येईनासे झाले आणि उलटतपासणीचे काम माझ्या एका कनिष्ठ वकील सहकारिणीकडे सोपवून बाकावर नुसते बसण्याची पाळी आली, तेव्हापासून ही राहून गेलेली घटका मला छळते आहे.

कारण दाव्याचे बरेवाईट आमच्या हाती वकालतनामा पडण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतून दुसरी पाळी संपवून निघालेला एखादा कामगार नगर रस्त्यावर ट्रकचा धक्का लागून पडतो. त्याला रिक्षात घालून दवाखान्यात आणणारा चुलतभाऊ स्वतःच गांगरलेला असतो. जखमीच्या लायसन्सची मुदत संपली आहे हे त्याला ठाऊक असते, पोलिसांचे लचांड मागे लागले तर उपचार खोळंबतील अशी त्याची समजूत असते. आणि 'कसं झालं?' या डॉक्टरच्या प्रश्नाला तो 'गाडी स्लिप झाली' एवढेच सांगून मोकळा होतो. डॉक्टर ते एम.एल.सी.च्या, म्हणजे पोलिसी प्रकरणांच्या वैद्यकीय नोंदीच्या, वहीत जसेच्या तसे उतरवितो, आणि त्यात त्याचा लवमात्र दोष नाही. परंतु त्या ओळीत ट्रक नाही! पुढे एखाद्या चहावाल्याच्या जबाबावरून ट्रकचा क्रमांक मिळो, फिर्याद नोंदली जावो, पंचनामा होवो. विमा कंपनीचा वकील सर्वप्रथम तीच वही उघडतो आणि वाहन मागाहून घुसडले असा बचाव घेतो.

फौजदारी खटल्याची कठोर कसोटी अपघाताच्या दाव्याला लावू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने बिमलादेवी प्रकरणी 2009 साली सांगितले, आणि केवळ फिर्याद विलंबाने दिली म्हणून दावा फेटाळता येत नाही, हे रवी विरुद्ध बद्रिनारायण या निकालात 2011 साली. हे दोन्ही निवाडे मी इतक्यांदा वाचून दाखविले आहेत, की न्यायाधिकरणाचे पेशकारही ते मनातल्या मनात पुटपुटत असावेत. तथापि निवाड्याने विलंब क्षम्य होतो. ती ओळ पुसली जात नाही.

मग वकिलाने त्याच रात्री दवाखान्यात का जाऊ नये? कारण बार कौन्सिलच्या नियमांनी आम्हांस पक्षकार धुंडाळीत हिंडण्याची मनाई केली आहे, आणि ती यथार्थ आहे. जी घटका आमच्या सल्ल्याची असते, तीच आमच्या उपस्थितीने विटाळणारी असते. या रिकाम्या जागेत दलाल शिरतो. रुग्णालयांच्या फाटकांशी घुटमळणारे हे इसम कोऱ्या कागदांवर सह्या घेतात, आणि त्यांच्या पाठीशी काळा कोट घातलेले आमचेच काही व्यवसायबंधू उभे असतात, जे भरपाईत टक्केवारी ठरवितात. वस्तुतः निकालावर अवलंबून फी ठरविणे हा वकिलास निषिद्ध व्यवहार आहे. या घसरणीची चाहूल ज्यांना आधीच लागली, ते माझे वरिष्ठ, ज्यांच्या दफ्तरात मी शिकलो, निजामी अमलात उर्दूतून वकिली शिकलेले होते. 1981 साली येथे औरंगाबादला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले, तेव्हा अपिलासाठी मुंबईची वारी चुकली म्हणून आम्ही तरुण हरखलो, आणि ते मात्र म्हणाले, की आता वकील वाढतील, वकिली कमी होईल. मला ते तेव्हा खवचट वाटले. आता वाटत नाहीत.

घटका चुकते ती दोष ठरण्याची वाट पाहण्यानेही. समृद्धी महामार्गावर वैजापूर तालुक्यात जांबरगावाजवळ 15 ऑक्टोबर 2023 रोजी सैलानीबाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर आदळली आणि 12 माणसे गेली. ट्रक थांबविला कोणी यावरून गदारोळ उठला, परिवहन खात्याचे दोन अधिकारी अटकेतही गेले. अशा प्रसंगी शोकमग्न कुटुंब सहजच म्हणते, की आधी दोष कोणाचा ते ठरू द्या. परंतु आत बसलेल्या प्रवाशाला त्याचा निवाडा होईपर्यंत थांबण्याचे कारण नसते. दोन वाहनांचा संयुक्त दोष असेल तर कोणाही एकाकडून संपूर्ण भरपाई मागता येते, हे 2015 च्या खेन्येई निकालाने स्पष्ट झाले आहे, आणि दावा स्वतः राहतो त्या जिल्ह्यात लावता येतो. थांबणाऱ्याचे नुकसान मात्र खास असते. 1994 साली उठविलेली मुदतीची अट 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांच्या रूपाने परत आली. तिच्या वैधतेचा प्रश्न प्रलंबित असून मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला खरा, तरी अंतरिम आदेशाच्या भरवशावर निजणारा पक्षकार मला शहाणा वाटत नाही.

शिवाय मुदत टळली नाही तरी पुरावा टळतो. अठ्ठावीस वर्षांचा, मागे चार अवलंबित असलेला ठेक्यावरचा कामगार गेला आणि त्याचा महिना 15,000 रुपये सिद्ध झाला, तर भविष्यातील वाढीचे चाळीस टक्के मिळवून, स्वतःच्या खर्चाचा चतुर्थांश वजा करून, सतराच्या गुणकाने 32,13,000 रुपये होतात. हजेरीपट गहाळ झाला, ठेकेदार बदलला आणि न्यायाधिकरणाने 10,000 धरले, तर 21,42,000. पाच हजारांच्या एका चिठ्ठीवाचून विधवेचे 10,71,000 रुपये जातात.

आता जे सांगावयाचे ते सांगतो. उशिरा येणाऱ्या पक्षकारांवर मी जन्मभर चिडलो; परंतु अंतर्यामी मला तेच प्रिय होते. स्वच्छ कागदांचा दावा जिंकण्यात कौतुक कसले? वही बिघडलेली, साक्षीदार फुटलेला, आणि त्या ढिगाऱ्यातून मी ट्रक बाहेर काढतो आहे, बाररूममधले चार जण काम सोडून दाराशी येऊन उभे राहिले आहेत, ही माझी खरी फी होती. ज्यांच्या विलंबावर माझा लौकिक उभा राहिला, त्यांना वेळेवर या असे मी कितपत मनापासून सांगितले असेन?

माझी कनिष्ठ या मोहातून मुक्त आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या शिबिरांतून ती वाळूजच्या कामगारांपुढे उभी राहते; औद्योगिक कामगाराला तेथे वकीलही विनामूल्य मिळतो. ती कलमे सांगत नाही. जखमीला आणणाऱ्याने 'वाहनाची धडक बसली, नंबर ठाऊक नाही' असे खरे तेच डॉक्टरला सांगावे, लिहिलेले वाचून घ्यावे, आणि पगाराचा कागद घरच्यांच्या हाती ठेवावा, एवढेच सांगते. हे वकिलाचे काम नव्हे, असे मी तिला प्रथम ऐकविले होते. तिच्या फायली आता लोकअदालतीत मिटतात. विमा कंपनीचे वकील तडजोडीचा आकडा आपण होऊन आणतात, आणि उलटतपासणीचा प्रसंगच येत नाही.

याचा मला निर्भेळ आनंद होतो असे लिहिले असते तर शोभले असते. परंतु परवा एक गृहस्थ सहा महिने संपत आले असता, वहीत 'स्लिप झाली' असे लिहिलेली नक्कल घेऊन आले, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली आणि तिला म्हणालो, "ही फाईल माझ्याकडे राहू दे." ती म्हणाली, "राहू दे, सर. पण साक्षीदाराच्या उजव्या बाजूला मी उभी राहीन, आणि तो काय बोलला ते तुम्हाला मोठ्याने सांगेन." मी हो म्हटले.