दळणारी बाई

‘ओडिसी’च्या विसाव्या सर्गात पहाटेच्या अंधारात एक बाई दळते आहे. इथाकाच्या राजवाड्यात जव आणि गहू दळायला १२ बायका. अकरा जणींचं दळण सरलं, त्या निजल्या. बारावी सगळ्यांत अशक्त, तिचं अजून उरलंय. निरभ्र आकाशात गडगडतं, तशी ती दगड थांबवते आणि झ्यूसला सांगते, ज्यांच्या पिठापायी माझे गुडघे गळाले त्या राणीच्या मागणीदारांचं हे शेवटचं जेवण ठरू दे. जेमतेम १५ ओळी. बावीस वर्षं मी त्यांच्याभोवती घिरट्या घालतो आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे मराठीत यायचंच होतं. जातं, पहाट, एकटी बाई, देवाला घातलेली हाक. मूळची सहा गणांची ओळ मी सोडली आणि ओवी धरली. समर्थनही तयार होतं. मिल्मन पॅरीने १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातल्या गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि होमरमागे तोंडी परंपरा कशी उभी आहे ते दाखवलं. मग तोंडी काव्य तोंडी छंदात का आणू नये? ती ओवी मी ठिकठिकाणी वाचली. समोरच्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. त्या पदरांची मला चटक लागली होती. नाव होमरचं घ्यायचो, दाद मला हवी असायची.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे ग्रीक शिकणाऱ्या मुलीने मूळ ओळी आणि माझी ओवी शेजारी ठेवून विचारलं, “सर, ही बाई कुणाची?”

“कुणाची म्हणजे?”

“ओवीतली बाई सासरी दळते. थकते, पण भावाचं नाव घेते, माहेर आठवते, विठ्ठलाला बोलावते. हिला तर विकत घेतलीय ना?”

मला उत्तर देता आलं नाही.

आणखी एक गोष्ट मला आधीपासून ठाऊक होती आणि मी ती दाबली होती. होमरच्या काळी ग्रीसमध्ये खुंट्याने फिरवायचं जातं नव्हतं. खालच्या दगडावर वरचा दगड दोन्ही हातांनी पुढे-मागे रेटायचा, गुडघे टेकून, सगळा भार टाकून. जात्यापेक्षा आपल्या पाट्या-वरवंट्याच्या जवळचं काम. होमरच्या भाषेत गुडघे म्हणजे अंगातलं बळ, मरणाऱ्या वीराचेही गुडघेच सुटतात. पण या बाईचे गुडघे खरोखर जमिनीवर टेकलेले असणार. मी जातं फिरवलं ते ओवीला लय हवी म्हणून. लयीपायी तिचे गुडघे मी उचलून घेतले.

मग तिला म्हणायचं काय, हा प्रश्न मला झोपू देईना. ‘दासी’ म्हटलं की पौराणिक नाटकातली चवरी ढाळणारी बाई उभी राहते. ‘मोलकरीण’ तर साफ चूक. मोलकरीण मोल घेऊन काम करते. या बायकांचं मोल दुसऱ्यानेच मोजलेलं. ओडिसियसच्या बापाने, लाएर्तीसने, कोवळ्या वयातल्या यूरिक्लिया या दाईला २० बैलांच्या किमतीला विकत घेतलं. ‘इलियड’च्या तेविसाव्या सर्गात कुस्तीचं पहिलं बक्षीस १२ बैलांच्या मोलाची तिवई, आणि हरणाऱ्याला हातकामात कुशल अशी एक बाई, मोल ४ बैल. इंग्रजीत पिढ्यान्‌पिढ्या अशा बायकांना कामवाल्या पोरी केलं गेलं. एमिली विल्सन यांनी २०१७ च्या अनुवादात त्यांना सरळ गुलाम म्हटलं. आपल्याकडे होमर बहुधा इंग्रजीवाटे येतो आणि त्या वाटेवरचा गोडवाही सोबत आणतो. वीर, मान, आतिथ्य यांवर भरभरून लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. पाहुण्याच्या पानात पडलेल्या भाकरीचं पीठ कुणी दळलं, हे ते विचारत नाहीत. इतकी वर्षं मीही कुठे विचारलं?

मराठीत शब्द नाही असं नाही. पेशवाईच्या कागदांत विकत घेतलेल्या बायका आहेत: कुणबिणी, बटकी. ‘कुणबीण’ आज वेगळ्याच अर्थाने वाचला जाईल. ‘बटीक’ची शिवी झाली आहे. पण ती शिवी का झाली, हे त्या शब्दातच आहे.

तिची प्रार्थना फळते. बाहेरून ऐकणाऱ्या ओडिसियसला, या घराच्या धन्याला, त्यात शकुन ऐकू येतो, तो सुखावतो. तिच्याकडे कुणी वळत नाही. दोन सर्गांनंतर यूरिक्लिया सांगते, घरात ५० बायका, त्यांतल्या १२ बेइमान निघाल्या. ओडिसियसचा मुलगा टेलेमाखोस त्यांना जहाजाच्या दोरावर ओळीने फास देतो. घरट्याकडे निघालेले पक्षी जाळ्यात सापडावेत तशा त्या लटकतात. पाय थोडा वेळ झटकतात. पीठ दळणाऱ्या बारांतली एखादी त्यांत होती का, हे होमर सांगत नाही. दोन्हीकडचा आकडा मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

ओवी मी काढून टाकली आहे. जातं खोडून दगड लिहिला, ‘दासी’ खोडून ‘बटीक’. नवा मजकूर एकदाच मोठ्याने वाचला. कुणी डोळ्यांना पदर लावला नाही आणि मला ते लागलं, तरी मजकूर तोच राहील. ओडिसियसच्या म्हाताऱ्या कुत्र्याला काव्यात नाव आहे, आर्गोस. दळणाऱ्या बाईला नाव नाही.