मागची गाडी कुठाय? ओव्हर!

डोंगरात मोबाइल मान टाकतो, तेव्हा वॉकीटॉकी कामाला येतो. पण दुकानातला सगळ्यात दणकट सेट आपल्या कामाचा असेलच असं नाही.

नाशिकमध्ये राहायचं आणि शनिवार-रविवारी घरात लोळायचं, हे काही जमत नाही राव. एका बाजूला त्र्यंबकची रांग, दुसरीकडे इगतपुरी-भंडारदरा, वर बागलाणात साल्हेर. त्यात थार तयार होते ती आपल्याच शहरात, त्यामुळे प्रत्येक ग्रुपमध्ये एखादा तरी फोर बाय फोरवाला असतोच. आठवडाभर मीटिंगा झोडायच्या आणि शनिवारी पहाटे पाचला सुटायचं. सगळं झक्कास. भानगड एकच. भंडारदऱ्याच्या मागे घाटघर-साम्रदकडे वळलं, की मोबाइलचा टॉवर ये-जा करायला लागतो.

पुढची गाडी वळणाआड, मागची धुक्यात. मागच्यांचं टायर बसलं, कुणाचा पाय मुरगळला, पुढच्यांना पत्ताच नाही. ‘येतील रे मागून’ हे आमच्या ग्रुपचं ठरलेलं वाक्य. बहुतेक वेळा ते येतातही. पण एखाद्या दिवशी आले नाहीत तर? या एका प्रश्नावर सहा जणांनी माणशी हजार रुपये काढले आणि वॉकीटॉकीची जोडी आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

एम. जी. रोडवरच्या एका दुकानात दादांनी दोन खोकी पुढे ठेवली. एक अर्ध्या वॅटचं, दुसरं पाच वॅटचं. गंमत म्हणजे पाच वॅटवालंच स्वस्त! ‘मॅडम, हेच घ्या, दहा किलोमीटर जातं.’ ग्रुपवर फोटो टाकला, तर पाच जणांचे पाच अंगठे लगेच हजर. मी मात्र पत्रकारितेच्या सवयीने म्हटलं, आधी जरा चौकशी करू.

चौकशीत पहिली गोष्ट कळली ती कायद्याची. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे सेट २०१८च्या नियमांनुसार विनापरवाना वापरता येतात. मात्र त्या मॉडेलला दूरसंचार खात्याची मान्यता, म्हणजे ईटीए, हवी. पाच वॅटवाले स्वस्त चिनी सेट बहुधा १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झवर चालतात. तिथे पोलिसांपासून खासगी कंपन्यांपर्यंत अनेकांची हक्काची जागा असते. आपण ‘चहाला थांबायचं का?’ विचारायला त्यांच्या मध्ये घुसायचं, हे बरं नाही आणि कायदेशीर तर नाहीच. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा धाडल्या आणि त्याच महिन्याच्या शेवटी नियमावलीही काढली. दणकट सेटचीच हौस असेल तर हॅम रेडिओची परीक्षा द्या. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ती देता येते आणि पास झालात की ‘व्हीयू’ने सुरू होणारं स्वतःचं कॉलसाइन मिळतं. फक्त मित्राच्या हातात तो सेट देऊन चालत नाही, परवाना ज्याचा त्याचाच.

दुसरी गोष्ट बारावीच्या फिजिक्समधली. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. खोक्यावरचे किलोमीटर मोजलेले असतात ते मोकळ्या, अडथळा नसलेल्या जागेत. पॉवर दहापट केली तरी अशा जागेत अंतर वाढतं जेमतेम तिप्पट. आणि मध्ये सह्याद्रीचा कातळ आला, की अर्धा वॅट काय नि पाच वॅट काय, दोघांचीही बोलती बंद! समोरासमोरच्या दोन डोंगरमाथ्यांवर छोटा सेटही मस्त बोलतो. सांदण दरीत मात्र पुढचा एका वळणाआड गेला, की नुसती खरखर.

म्हणून आम्ही अर्ध्या वॅटची जोडी घेतली. गेल्या पावसाळ्यात घाटघरच्या रस्त्यावर तिची परीक्षा झाली. धुकं इतकं, की बॉनेटच्या पुढचं दिसेना. आमची गाडी दोन वळणं पुढे होती. सेटमधून खरखरीत फक्त दोन शब्द कळले, ‘थांबा’ आणि ‘गरगरतंय’. तेवढे पुरले. मागे आलो तर आमची एक मैत्रीण पांढरीफटक पडून रस्त्याच्या कडेला बसलेली. लिंबू-साखरेचं पाणी, अर्धा तास आराम, आणि पुढचा प्लॅन कॅन्सल. गोष्ट छोटीच. पण त्या वेळी दोन्ही फोनवर टॉवर नव्हता आणि आम्ही तर थेट घाटघरलाच थांबणार होतो.

तेव्हापासून आमचा फंडा पक्का आहे. एक सेट सगळ्यात पुढच्याकडे, दुसरा सगळ्यात मागच्याकडे, आणि मागे नेहमी अनुभवी माणूस. हरिहरच्या कातळपायऱ्यांवर एक सेट खाली आणि एक वर ठेवला, की चढणारे-उतरणारे मध्येच एकमेकांसमोर येत नाहीत. बोलताना बटण दाबून सेकंदभर थांबायचं, नाहीतर पहिला शब्द गिळला जातो. दोघांनी एकदम बोलायचं नाही, म्हणून शेवटी ‘ओव्हर’. फिल्मी वाटतं, पण कामाचं आहे. गाडीत पत्र्याच्या आड बसून बोलण्यापेक्षा सेट खिडकीजवळ धरा. आणि ‘प्रायव्हसी कोड’च्या नावावर भुलू नका. त्याने दुसऱ्यांची बडबड आपल्याला ऐकू येत नाही, पण आपली त्यांना येऊ शकते. ऑफिसमधलं गॉसिप घरीच ठेवा!

घेताना ईटीए आणि फ्रिक्वेन्सी खोक्यावर बघा. मग पावसात टिकेल असा आयपी६७सारखा दर्जा, पॉवर बँकवर होणारं चार्जिंग आणि ओल्या हातांनीही दाबता येईल असं मोठं बटण. किलोमीटरचा आकडा सगळ्यात शेवटी वाचा. शिवाय हा सेट तुम्हाला हॉस्पिटलशी जोडत नाही. त्यासाठी ११२ आहे, पण त्याला कुठला तरी टॉवर लागतोच. म्हणून निघताना घरी आणि पायथ्याच्या गावात परतायची वेळ सांगून ठेवायची सवय सोडू नका.

खूप लांबच्या माणसाशी गप्पा मारायला हे खेळणं नाहीच मुळी. आपल्या मागे राहिलेल्याला आपण सोडून पुढे जात नाही ना, एवढं विचारायला ते आहे. सहा हजारांत सहा जणांना हे सौदा म्हणून मुळीच महाग पडलं नाही.