मालदांडीची दोन दफ्तरे

१/ इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख आणि मोडी कागद डोळ्यांसमोर येतात. आमचे मूळ गाव मैंदर्गी. अक्कलकोट तालुक्यातील, कानडी आणि मराठी दोन्ही नांदणारे. आमच्या शिवारात आणखी एक साधन आहे आणि ते दरवर्षी पेरले जाते. ते म्हणजे शाळूचा दाणा. मित्रहो, आजचा धागा त्या दाण्यातील नोंदींविषयी.

२/ सजीवाच्या आनुवंशिक नोंदी पेशीत असतात आणि त्यांचे मोठे दफ्तर म्हणजे केंद्रक. ज्वारीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या १० जोड्या असतात. एका संचात डीएनएची सुमारे ७३ कोटी अक्षरे. २००९ साली हा आराखडा प्रसिद्ध झाला. या दफ्तराचा निम्मा भाग मातेच्या बीजांडातून येतो, निम्मा पित्याच्या परागातून.

३/ पण केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात, दुसरे छोटे दफ्तर आहे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचा स्वतःचा डीएनए असतो, कारण त्यांचे पूर्वज एके काळी स्वतंत्र जीवाणू होते. (हरितलवकांचेही तसेच.) ज्वारीच्या तंतुकणिकेत सुमारे ४ लाख ६९ हजार अक्षरे आहेत. हे दफ्तर मातेकडूनच पुढे जाते. परागाचा त्यात वाटा नाही.

४/ आता मालदांडीकडे वळू. मंगळवेढा म्हटले की दामाजीपंतांची कोठारे आठवतात. तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. याच सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ येथे, स्थानिक मालदांडीतून निवड करून 'एम ३५-१' हा वाण तयार झाला. तो आजही रब्बीत पेरला जातो : भाकरीसाठी आणि तितकाच कडब्यासाठी.

५/ ज्वारीच्या एकाच फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात. त्यामुळे संकरित बियाणे मोठ्या प्रमाणावर करणे अवघड होते. कणसातील हजारो बारीक फुलांचे परागकोश हाताने कोण काढणार? १९५४ साली अमेरिकेत स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मार्ग दाखवला. मायलो ज्वारीच्या पेशीद्रवात काफिर ज्वारीचे केंद्रक आले की पराग वांझ होतो. याच तत्त्वावर १९६४ साली भारतात 'सीएसएच-१' हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला.

६/ पुढे असाच गुण आपल्या मालदांडीतही आढळला. शेतातील मालदांडीचा पराग उत्तम असतो, कारण तंतुकणिकेतील दोषाला आवर घालणारे जनुक तिच्या केंद्रकात आहे. पण पुनःपुन्हा संकर करून तिच्या पेशीद्रवात दुसऱ्या वाणाचे केंद्रक आणले, की तो आवर सुटतो आणि पराग वांझ होतो. पैदासकार या पेशीद्रवाला 'ए-४' गटात ठेवतात आणि त्याला मालदांडीचेच नाव देतात.

७/ याचे मोल काय? जगभरातील संकरित ज्वारी मुख्यतः एकट्या मायलोच्या पेशीद्रवावर उभी आहे. १९७० साली अमेरिकेत मक्याच्या बाबतीत अशाच एकसुरीपणाची किंमत मोजावी लागली. बहुतेक संकरित मक्यात एकच 'टेक्सास' पेशीद्रव होते. त्यावर करपा रोग तुटून पडला आणि देशाचे सुमारे १५ टक्के पीक गेले. दोष केंद्रकात नव्हता, छोट्या दफ्तरात होता. म्हणून निराळे पेशीद्रव हाताशी असणे हा विमाच आहे.

८/ इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परक्या मातेवर पिढ्यान्‌पिढ्या मालदांडीचा पराग टाकत गेलो, तर दिसायला मालदांडीच उभी राहील. तिच्यातील तंतुकणिका मात्र परक्याच राहतील. केंद्रकातील नोंदी परागाने परत आणता येतात. मातृवंश तुटला, तर छोटे दफ्तर कायमचे गेले.

९/ आमच्या आजीने यातले काहीही वाचले नव्हते. मळणीआधी ती भरलेली, निरोगी कणसे वेगळी काढी, त्यांचे बी राखेत घोळून गाडग्यात ठेवी आणि त्या गाडग्याला दळणासाठी कुणी हात लावलेला तिला खपत नसे. तेच बी पुढच्या हंगामात पेरले जाई. तो मातृवंश तिने अखंड राखला. तिच्या आधीही घरोघरच्या बायकांनी तो राखला होता. त्यांची नावे कोणत्याही कागदात नाहीत. आता आमच्या घरी बी पिशवीतून येते.

१०/ मालदांडी टिकून आहे, पण गुळभेंडी, दगडी असे वाण मोजक्या शेतांत उरले आहेत. हैदराबादच्या इक्रिसॅटमध्ये आणि दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत ज्वारीचे हजारो नमुने जपलेले आहेत. तरीही गावाकडे गेलात की वडीलधाऱ्यांना विचारा : हुरड्याची ज्वारी कोणती होती, तिचे बी कुणाच्या घरून आले होते, आणि आज ते कुणाकडे आहे? वाणाचे नाव, गाव आणि बी जपणाऱ्या बाईचे नाव, तिची हरकत नसेल तर, वहीत लिहून ठेवा. मैंदर्गीपासून मी सुरुवात केली आहे.